एडक्याला घोंगडी

सोरेगाव,
बेंदूर झाल्यावरचा सोमवार

विरेशा, बाळा,

आज्जीचा हात तुज्या डोक्यावर. इतक्या लांबनं त्यो पोचतो का न्हाय ते बिरोबाला ठाव. तुजा पत्ता तुज्या दोस्तानं, सोहेबनं दिला. लेह म्हंजे कुटं ते त्येनं मोबाईलवर दाखवलं, तर नुसता पांढरा डोंगूर. तितं माणसं गाड्या घेऊन मुद्दाम फिरायला येत्यात आन् तू त्या गाड्या नीट करून देतोस, असं म्हणाला. आपल्याकडचं मोबाईलचं कार्ड तितं चालत न्हाय म्हणं, आन् नवा नंबर तू कुणाला दिला न्हाईस. बरं केलंस. फोनवर मी रडले असते आन् तू ठेवून दिला असतास. कागद बाजूला ठेवला तरी त्यो तसाच ऱ्हातो, परत हातात घेता येतो.

मी तिसरी शिकल्याली, जोडाक्षरं सांभाळून घे. तुजी आई म्हणाली, मी लिहून देते. मी म्हटलं, "महानंदे, नको बाई, तू दोन ओळी लिहिशील आन् बाकीचा कागद भिजवशील."

आता मुद्द्याचं. तुज्या बापानं मला देव्हाऱ्यापुढं बसवलं आन् भंडारा उचलायला लावला. "आये, पोराला काय लिहायचं ते लिही, पण माज्याबद्दल एक अक्षर लिहायचं न्हाय." मी म्हटलं, "जोत्या, मग लिहू काय?" तर म्हणाला, "गाडीबद्दल लिही." बिरोबाची हळद मुठीत धरून दिलेला शब्द हाय, मोडता यायचा न्हाय. तुज्या चुलत आज्यानं मोडला होता, त्या साली त्येच्या कळपात एक कोकरू जगलं न्हाय. म्हणून मी गाडीबद्दलच लिहिणार. तू शाणा हायस, वाचायचं ते वाच.

तर गाडी बरी हाय.

तू ती पुण्यातनं चालवत आणलीस त्या दिवशी पावण्यांदेखत तुला बोलणं बसलं. "मेंढरामागं चालायची लाज वाटती आन् ह्यो लोखंडाचा एडका दारात बांधतोस व्हय? ह्या दारात ह्यो ऱ्हाणार न्हाय." (हे जुनं हाय, जुन्याला शपथ न्हाय.) तू किल्ली अंगणात फेकलीस आन् पिशवी घेऊन चालत रोडला गेलास. आता गंमत बघ, जिनं ऱ्हायचं न्हाय असं ठरलं होतं ती ऱ्हायली आन् तू गेलास.

पण एडका हे नाव मला लई आवडलं. खरंच एडकाच हाय त्यो. हांडेल शिंगावाणी मागं वळल्यालं, छाती रुंद, बूड खाली, आन् पुढं एकच डोळा. सगळं कसं जुन्या काळचं, माज्या माहेरच्या सावकाराकडं असायची तसली गाडी. सोहेब म्हणतो, "आज्जी, ही नवीनच हाय, अमेरिकेची लोकं मुद्दाम जुन्यासारखी बनवत्यात." मला हसू आलं. आमी जुनं झाकायला रंग मारतो आन् ती लोकं नवं झाकायला जुनं करत्यात. पण बघत बसावं वाटतं रे. चांदीच्या पाटल्यावाणी चकाकणाऱ्या नळ्या. मी त्यात पदर सारखा केला.

डोळ्यावर भंडारा लावलाय मी, म्हंजे पुढच्या दिव्यावर. नवा एडका आणला की लावतोच की.

आन् एक. काल कुणीतरी गाडी तिरक्या स्टँडवरनं एकट्यानं सरळ उभी केली. सोहेब म्हणतो, तीनशे किलोच्या वर वजन हाय, भलीभली पोरं डगमगत्यात. कुणी केली ते मी लिहिणार न्हाय.

तुजी आज्जी

*

सोरेगाव,
नागपंचमीचा आदला दिवस

विरेशा,

तुजा कागद आला न्हाय, तरी मी लिहिते. मला सांगायची घाई झालीय. मी गाडीवर बसले.

कसं झालं ते ऐक. सोहेब आला होता, म्हणाला, गाडी नुसती उभी ठेवली तर बॅटरी उतरती, रोज सकाळी थोडी चालू करायला पायजे. त्येनं कुणालातरी शिकवलं. हितं बटण, हितं क्लच. कुणीतरी म्हणालं, "मला शिकवू नको, मी ट्रॅक्टर चालवलाय." सोहेब म्हणाला, "चाचा, ट्रॅक्टर म्हणजे म्हैस. ये अलग जनावर है."

चालू केल्यावर काय आवाज सांगू. बाकीच्या गाड्या मिक्सरवाणी किरकिर करत्यात. ही धड एका तालात न्हाय, आन् ताल सोडूनबी न्हाय. धबधब, धब, धबधब, धब. मी भाकरी थापत होते, माजा हात त्याच तालावर पडायला लागला. तुला ठावच हाय ह्यो ताल कसला. हुलजंतीच्या जत्रेत पालख्यांच्या म्होरं गजीच्या नाचाचा ढोल वाजतो त्यो. तिथला ढोल वाजवणारा आपल्याच घरातला, हेबी तुला ठाव हाय. त्यो माणूस बटणावरनं बोट काढून नुसता उभा ऱ्हायला. मग खाली बसला आन् इंजनापाशी कान नेला. तवापासनं रोज उठला की चूळ भरायच्या आदी गाडी.

परवा म्हणाला, "आये, चल सिद्धेश्वराला." मी म्हटलं, "माज्या वयाला शोभंल का?" तर म्हणाला, "तुज्या वयाचीच दिसती ती, बस." नऊवारीचा काष्टा घट्ट मारला, पदर दातात धरला. विजापूर रोडनं निघालो. विरेशा, ती पळत न्हाय रे, चालती. कळपाच्या म्होरं एडका कसा चालतो, घाई न्हाय, बाजूला बघणं न्हाय, लोकांनीच सरकायचं. सात रस्त्याला सिग्नलला थांबलो तर कॉलेजची पोरं फोटो काढायला लागली. एकानं इचारलं, "आज्जी, कितीची हाय?" मी म्हटलं, "मी का गाडी?" खालनं सगळा ढोल अंगात येत होता. गुडघं दुखतात ते मी सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत इसरले. आता कळलं तू ह्या लोखंडापायी घर का सोडलंस. मला आदी बसवलं असतंस तर मी तुज्या बाजूनं भांडले असते.

येताना दोनदा थांबावं लागलं. गाडीला काय झालं न्हाय. चालवणाऱ्याला दम लागला. रस्त्याकडंच्या दगडावर बसलं, म्हणालं, हवा खातो. पाठीवर हात फिरवला तर शर्टाखाली नुसती हाडं लागली. कुणाची ते लिहिणार न्हाय.

गेल्या आठवड्यात आमी बार्शीला जाऊन आलो. सोलापूर जिल्ह्यातलं माणूस बार्शीला कसल्या दवाखान्यात जातं ते तुला सांगायला नको. मी शपथ मोडली न्हाय, गावाचं नाव फक्त लिहिलं.

*

सोरेगाव,
गणपती उठले

बाळा,

तुजं कार्ड मिळालं. वरती बर्फाचं चित्र आन् मागं दोन ओळी. "आज्जे, पावसाळा हाय, गाडी ओली ठेवू नका. वर काहीतरी झाका." आज्जी कशी हाय न्हाय, आई कशी हाय न्हाय. बापाचं तर नावच न्हाय. तुजी आई कार्ड उलटंसुलटं करून बघत बसली, अजून कुटं काय लिहिलंय का.

पण ज्येला मी दाखवलं त्यो मात्र लई खूश झाला. म्हणाला, "गाडीची काळजी करतोय म्हंजे दाराची करतोय. गाडी काय हवेत उभी हाय?" ते कार्ड आता त्येच्या उशाखाली असतं.

झाकायचं कशानं? सोहेब म्हणाला, तिचं कापड मिळतं, मागवतो. ते यायला दिवस लागणार होते. मग कुणीतरी आपल्या अंथरुणावरची घोंगडी काढली. तीच, काळी, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, तुज्या आज्यानं विणून घेतल्याली. ती अंगावर घेऊन त्या माणसानं किती माळ तुडवलं, किती पाऊस काढले. मी म्हटलं, "अरं, तुला काय?" म्हणाला, "मला आता उकडतंच. पोरानं झाका म्हटलंय, झाकूया." स्वतः जाऊन पांघरली, शिंगांवरनं खाली सोडली, कोपरे आत खोचले. लांबनं बघितलं तर शेडात खरंच माणूस झोपल्यावाणी दिसतंय.

एक वाईट गोष्ट. गाडी पडली. सकाळी स्टँडवरनं सरळ करताना हातातनं निसटली आन् आडवी झाली. काय मोडलं न्हाय, एका बाजूचा आरसा फुटला. पण उचलता येईना. बेंदराच्या टायमाला एकट्यानं सरळ करणारा माणूस तिच्याशेजारीच मातीत बसून ऱ्हायला. तुजी आई, मी आन् सयाजी, तुजा चुलतभाऊ, तिघांनी मिळून आदी गाडी उभी केली आन् मग त्येला.

सयाजी हसत म्हणाला, "काका, एडक्यानं हाणलं व्हय?" तुजी आई आरशाच्या काचा वेचायला लागली.

तवापासनं गाडी सरळ करायची न्हाय, तिरक्या स्टँडवरच चालू करायची असं ठरलंय. घोंगडी पुढनं उचलायची, बटण दाबायचं, परत झाकायचं. मी इचारलं, "कशाला इतका आटापिटा? बसता तर येत न्हाय." तर म्हणाला, "पोरगं आलं तर पहिल्या बटणाला चालू व्हायला पायजे. तिथंच अडकलं तर त्येला वाटंल, आपण राखली न्हाय."

आता तू सांग विरेशा, हे मी गाडीबद्दलच लिहिलं का न्हाय?

*

सोरेगाव,
हुलजंतीची जत्रा झाली त्या आठवड्यात

विरेशा,

औंदा जत्रेत आपल्या घरचा ढोल गेला न्हाय. खुंटीवरच हाय.

गाडी विकायची गोष्ट निघाली होती, ते तुला कळायला पायजे. तुज्या आईनं काढली. तिला बोल लावू नको, रोज बार्शीला ये-जा तिची होती. लातूरचा एक माणूस आला, गॉगलवाला, कोल्हापुरी चप्पल. गाडीभोवती फिरला, म्हणाला, "घोंगडी काढा की, नवरीचं तोंड बघू द्या."

सयाजीनं घोंगडी ओढली.

पाटल्यावाणी चकाकणाऱ्या त्या नळ्यांवर सगळीकडं तांबडं ठिपकं. गोवर आल्यावाणी. सोहेबनं बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. म्हणाला, "या अल्ला. आज्जी, किसने बोला था ये घोंगडी डालने को?" मग समजावून सांगितलं. घोंगडीला चिंचोक्याची खळ असती, पावसाळ्यात ती ओल धरती आन् सोडत न्हाय. खाली चालू केल्याली गाडी गरम, वरनं ओली लोकर, आतल्या आत वाफ. माणसाला ऊब लागती, चकाकीला गंज लागतो. आपण सगळं आयुष्य जिच्यात कोकरं जगवली तिनंच गाडी नासवली. दुसऱ्या कुणाच्या घरात हे झालं नसतं, दुसऱ्यांच्या घरात प्लास्टिक असतं.

लातूरच्या माणसानं तोंड वाकडं केलं, म्हणाला, "हे सगळं परत करून घ्यावं लागंल, निम्म्यानं मागतो."

तवा आतनं, खाटेवरनं आवाज आला. आवाज आता फार ऱ्हायला न्हाय, त्यामुळं सगळ्यांना थांबून ऐकावं लागलं.

"विकायची न्हाय. पावण्याला च्या द्या."

पावणा गेल्यावर तुजी आई तिथंच शेडात भिंतीला टेकून बसली. "ती गंजली तरी चालंल, तुमी..." इतकंच म्हणाली. आतनं उत्तर आलं, "गंजली ते बरं झालं, महानंदे. आता कुणी घेणार न्हाय." आन् त्यो हसला. मी त्येची आई हाय, मला त्या हसण्यातलं हसूबी कळलं आन् रडूबी.

गंजाचं मला लई वाईट वाटलं. तू सांगितलंस झाका, आमी झाकलं. सोहेबनं रॉकेल लावून पुसलं, थोडं गेलं, बाकी न्हाय. नवं कापड आलं होतं, ते घालू म्हणाला. पण घोंगडी परत अंगावर घ्यायला कुणी तयार होईना. म्हणालं, "दिल्याली वस्तू परत घेतात का?" म्हणून ती वाळवून परत गाडीवरच टाकली, वरनं कापड.

थंडी पडायला लागलीय. तितं तर काय असंल. तू अंगावर काय घेतोस, कुणाला ठाव. तुला यायचं असलं तर ये. कशासाठी ते मी लिहू शकत न्हाय. गाडीसाठी ये. गाडी वाट बघती, आन् तिला आता फार दिवस जमायचं न्हाय.

*

सोरेगाव,
गड्ड्याच्या जत्रेत पाळणं उभं ऱ्हायलं

विरेशा,

आता मी तुज्या बापाबद्दल लिहिते.

ज्येच्यासाठी भंडारा उचलला त्यो माणूसच गेला, शब्द सुटला. जोतिराम कॅन्सरनं गेला. धनुर्मासात, सकाळची उन्हं अंगणात आल्यावर.

सोहेबनं तुज्या गॅरेजवाल्याला फोन लावला. सोहेबलाबी आजवर तोंड उघडता येत न्हवतं, तुज्या बापानं त्येलाबी त्येच्या देवाची शपथ घातली होती. गॅरेजवाला म्हणाला, थंडीत गॅरेज बंद, पोरं खाली उतरली, कुटं गेली ठाव न्हाय, पत्र आलं तर दाराखालनं आत सरकवून ठेवत्यात. म्हंजे हा कागद बर्फात पडून ऱ्हाणार. तू वाचशील तवा हितं उन्हाळा लागला असंल. तरी लिहिते. इतके दिवस "कुणीतरी, कुणीतरी" लिहून माजा हात दुखला. जोतिराम. तुजा बाप. जोत्या. बघ, किती सोपं हाय.

शेवटच्या सकाळी म्हणाला, गाडीपाशी न्या. सोहेब आन् सयाजीनं उचलून नेला. उचलायला दोघं लागले न्हाईत खरं तर, एकाला झेपला असता, इतका हलका. सीटवर बसवला, दोघांनी दोन्हीकडनं धरला. बटण त्येनंच दाबलं. पहिल्या दाबाला चालू झाली. मग त्येनं टाकीवर तळहात ठेवला आन् बोटांनी वाजवायला लागला. धबधब, धब. गाडीचा ताल आन् त्येचा, दोन्ही एक. आमाला वाटलं आता बरं वाटतंय. मग गाडीचा ताल तेवडा वाजत ऱ्हायला.

मी त्येला किती येळा म्हटलं होतं, पोराला खरं कळू दे. त्येचं एकच. "माजं मढं बघायला त्यो आला तर मला ते नको, आये. त्येची गाडी हितं हाय. गाडीसाठी आला तर त्यो आपल्या पायानं आला असं हुईल." मी त्येची आई, त्यो तुजा बाप, आन् तुमी दोघं एकाच दगडाचं.

तुज्या जागी सयाजीनं पाणी दिलं. दहाव्याला सीना नदीच्या काठाला पिंड ठेवला. कावळा शिवंना. झाडावर बसल्याला, खाली येत न्हवता. भटजी म्हणाला, मनातलं काय ऱ्हायलं असंल ते बोला. सयाजी म्हणाला, "काका, मेंढरं मी बघतो." न्हाय. तुजी आई म्हणाली, "मी रडत बसणार न्हाय, खाऊनपिऊन ऱ्हाईन." न्हाय. कुणी म्हणालं, "विरेशचं लगीन धडाक्यात करू." तरी न्हाय. उन्हं डोक्यावर आली. मग मी काठी टेकत पुढं गेले आन् म्हटलं, "जोत्या, गाडी विकणार न्हाय."

माजं वाक्य पुरं व्हायच्या आत शिवला.

तवा आता ती विकता यायची न्हाय. नदीकाठी दिलेला शब्द हाय आन् ह्यातनं सुटका न्हाय, कारण ज्येला दिला त्यो आता मोकळं करायला येणार न्हाय.

तुला मी रागवत न्हाय. तू मला गाडीवर बसवून गेला असतास तर बरं झालं असतं इतकंच. ते सुख मला तुज्या बापानं दिलं, तुज्याच गाडीवर. त्या दिवसाचं आठवून मी अजून एकटीच हसते, सुना-बायका बघतात म्हातारी खुळी झाली का म्हणून.

गाडी आता रोज चालू होत न्हाय. सोहेबला त्येचं दुकान हाय, तुज्या आईला बटणाला हात लाववत न्हाय. बॅटरी उतरली असंल. तू आल्यावर पहिल्या बटणाला चालू झाली न्हाय तर आमी राखली न्हाय असं समजू नको. राखणारा गेला.

आन् घोंगडी. माणूस गेल्यावर त्येची घोंगडी त्येच्यासंगं द्यायची आपल्यात रीत. बायका घरभर शोधत फिरल्या, मी बोलले न्हाय. सोहेब म्हणतो, काढून टाक आज्जी, खाली गंज वाढतोय. वाढू दे. त्यो पुसायला तुला हात हायेत. मी कुणाला काढू देत न्हाय.

तू कवाबी आलास तर सरळ घरात येऊ नको. आदी शेडात जा. घोंगडी तू काढ, तुज्या हातानं, तोंडाकडनं. मग ती अंगावर घे आन् आत ये. लोकरीत माणसाचा वास लई दिवस ऱ्हातो, पण कायम ऱ्हात न्हाय.

तुजी आज्जी,
केराबाई